‘मोबाइल जेनेटिक एलिमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: बी.एस्सी.च्या मुलांसाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या नोट्स मराठीत बनवून राहिली आहे. मोबाइल जेनेटिक एलिमेंट म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे जाणारे डीएनएचे तुकडे. ‘चल आनुवंशिक घटक’ असं लिहिलं, तर ‘चल’ म्हटल्यावर पोरांना बीजगणितातला क्ष आठवतो. ‘उड्या मारणारी जनुकं’ कसं वाटतं?

महालवाला: ‘फिरती जनुकं’ म्हणा ना ताई. काहून डोकं खपवता?

वर्धा रोड: बोलताना ‘फिरती’ चालेल. ‘उड्या मारणारी’ मात्र सरसकट नको. उडी मारतो तो ट्रान्सपोझॉन. बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी तो मक्यात शोधला, १९८३ साली नोबेल मिळालं. पण तो पेशीतल्या पेशीत जागा बदलतो. दुसऱ्या जिवाणूत जायला त्याला प्लास्मिडची, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या डीएनएच्या कड्याची, बस पकडावी लागते, नाहीतर फेजची, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूची. या तिघांना मिळून एक शब्द हवा. मी ‘जंगम जनुकघटक’ म्हणेन. स्थावर-जंगम मालमत्ता कोणाला कळत नाही?

महालवाला: आमच्याकडे जंगम म्हणजे लिंगायतांचे स्वामी, भाऊ!

वर्धा रोड: तेही फिरते म्हणूनच जंगम! आणि ताई, ‘आनुवंशिक’ काढाच. त्यात वंश आहे, ही जनुकं तर वंशाबाहेरून येतात. एकदा आत शिरली की पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळतात, ते वेगळं.

धरमपेठकर: हे पटलं. रोगाचं उदाहरण कोणतं देऊ?

वर्धा रोड: पटकी, म्हणजे कॉलरा. तिचं विष बनवणारी जनुकं त्या जिवाणूची स्वतःची नव्हेतच, सीटीएक्स-फाय नावाच्या फेजने आणलेली. वॉल्डर आणि मेकॅलनॉस या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. घटसर्पाचं तर १९५१ मध्येच कळलं होतं: फेज नाही तर विष नाही. आपल्या देशातलं हवं असेल, तर १९९२ मध्ये मद्रासला निघालेला पटकीचा ओ-१३९ प्रकार घ्या. एल टॉर या पटकीच्याच आधीच्या प्रकारातल्या जिवाणूने परकी जनुकं घेऊन वरचं आवरणच बदललं. जुन्या पटकीची प्रतिकारशक्ती असलेल्या मोठ्या माणसांनाही त्याने गाठलं. उत्क्रांती म्हणजे थोडं थोडं बदलणं, एवढंच पोरांच्या डोक्यात असतं. इथे अख्खा जुडगा एका झटक्यात येतो.

महालवाला: मग असं वंशाबाहेरून जनुकं येणं, ते ‘हॉरिझॉन्टल ट्रान्सफर’, त्याला ‘आडवं संक्रमण’?

वर्धा रोड: संक्रमण नको, लागण वाटेल. ‘आडवं हस्तांतरण’.

धरमपेठकर: ‘जंगम जनुकघटक’ घेते. प्लास्मिड, फेज, ट्रान्सपोझॉन तसेच ठेवते. ‘पॅथोजेनिसिटी आयलंड’, म्हणजे जिवाणूच्या डीएनएतला रोग घडवणाऱ्या जनुकांचा जुडगा, तेवढं राहिलं. ‘रोगकारक बेट’?

महालवाला: पोरं नकाशात शोधतील ना जी. ‘जनुकबेट’ करा.