फ्युचर्ससाठी ऑनलाइन ब्रोकर निवडायचाय, पण ऑर्डर नक्की जाते कुठे? सल्ला हवा

निशिगंध
नमस्कार मंडळी. तीन वर्षं शेअर्समध्ये आहे, आता इंडेक्स फ्युचर्स (निर्देशांकाचे पुढच्या तारखेचे करार) शिकतेय. दोन ब्रोकरांवर येऊन अडलेय. एकाची दलाली दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. दुसरा म्हणतो, आमच्याकडे 'थेट बाजार प्रवेश' आहे, ऑर्डर विजेच्या वेगाने जाते.

विचारण्याचं खरं कारण वेगळं आहे. परवा डेमो खात्यावर एक लॉट (एक करार) घेतला, खाली स्टॉप (भाव तिथवर पडला की आपोआप विकणारी ऑर्डर) लावला आणि उठून गेले. तेवढ्यात लॅपटॉप झोपला. परत येऊन उघडला तर भाव स्टॉपच्या अकरा पॉइंट खाली आणि पोझिशन तशीच उघडी. खरे पैसे नव्हते, तरी पोटात गोळा आला. तो स्टॉप मग होता कुठे?

जुनाजाणता
निशिगंध, तुमचा शेवटचा प्रश्नच ब्रोकर निवडण्याचा खरा निकष आहे. दलाली त्यानंतर बघा.

आधी वाट समजून घ्या. तुम्ही बटण दाबलं की ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथे मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) पुरेसं आहे का, लॉटची मर्यादा ओलांडली का, हे तपासलं जातं. मग क्लिअरिंग सदस्याच्या (सौद्यांचा हिशेब चुकता करणाऱ्या संस्थेच्या) जोडणीतून ती एक्सचेंजच्या दारात पोचते आणि शेवटी मॅचिंग इंजिनमध्ये, म्हणजे खरेदी-विक्री जुळवणाऱ्या यंत्रणेत. अमेरिकेत एकच शेअर अनेक एक्सचेंजवर चालतो, म्हणून तिथे ऑर्डर कुठे पाठवायची हा निर्णय असतो. फ्युचर्सचं तसं नाही. ई-मिनी एस अँड पी ५००, हा अमेरिकी शेअर निर्देशांकाचा फ्युचर्स करार घ्या. तो सीएमई या शिकागोच्या एक्सचेंजच्या ग्लोबेक्स या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवरच चालतो, आणि त्याचं इंजिन शिकागोजवळच्या अरोरातल्या डेटा सेंटरमध्ये आहे. तुमचा ब्रोकर कुठलाही असो, ऑर्डर तिथेच पोचणार. त्यामुळे 'सर्वोत्तम मार्ग शोधून देतो' असं फ्युचर्सचा ब्रोकर म्हणत असेल तर त्याला फार अर्थ नाही.

फरक पडतो तो ऑर्डर वाट बघत कुठे बसते यात. साधी लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होणारी) एक्सचेंजच्या बुकात जाऊन बसते. तुमचा दिवा गेला, नेट गेलं तरी ती तिथेच. स्टॉप मात्र तीन ठिकाणी असू शकतो: एक्सचेंजवर, ब्रोकरच्या सर्व्हरवर, नाहीतर तुमच्याच मशीनवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. ग्लोबेक्स स्टॉप-लिमिट आणि संरक्षण-मर्यादेचा स्टॉप (भाव टेकल्यावर एका मर्यादेपर्यंतच सौदा करणारे प्रकार) स्वतःकडे ठेवून घेतं. पण ट्रेलिंग स्टॉप (भावामागे सरकत जाणारा), किंवा 'एक लागली की दुसरी रद्द' अशा जोड्या बऱ्याच ठिकाणी ब्रोकर किंवा सॉफ्टवेअरच सांभाळतं. भाव टेकला की तेव्हा कुठे खरी ऑर्डर पुढे जाते. तुमच्या वर्णनावरून तुमचा स्टॉप लॅपटॉपमध्येच होता. लॅपटॉप झोपला, स्टॉपही झोपला.

हे मी पैसे देऊन शिकलोय. चांगल्या नफ्यातल्या पोझिशनवर ट्रेलिंग स्टॉप लावून निवांत बसलो होतो. नेट गेलं, वीस मिनिटांनी आलं. नफा तर गेलाच, वर तोटा. मदतकेंद्राला फोन केला तर उत्तर मिळालं, 'सर, ती ऑर्डर आमच्याकडे आलेलीच नाही.' ते खरंच बोलत होते. आपण विचारलंच नव्हतं.

तेव्हा दोन्ही ब्रोकरांना लेखी विचारा: कुठल्या प्रकारची ऑर्डर कुठे बसते? आणि कनेक्शन तुटल्यावर ऑर्डर रद्द करण्याची सोय तुमच्याकडे सुरू आहे का? ती सुरू असेल तर ब्रोकरचं एक्सचेंजशी असलेलं सत्र तुटलं की दिवसापुरत्या ऑर्डर निघून जातात. लोक समजतात स्टॉप आहे, आणि तो नसतो.

रांगेतला
एक भर घालतो. ई-मिनीत एकाच भावाला जो आधी आला त्याचा सौदा आधी. म्हणून लिमिट ऑर्डर सारखी हलवू नका. भाव बदलला किंवा लॉट वाढवले की रांगेत शेवटी जाता. लॉट कमी केले तर जागा राहते. वेगाची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्याला मिलिसेकंदांपेक्षा ही जागा जास्त मोलाची.

मृगधारा
स्टॉप एक्सचेंजवर असला तरी भावाची हमी नसते, हेही मनात पक्कं असू द्या ताई. २० एप्रिल २०२० ला मे महिन्याचा डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. भाव शून्याखाली जाऊ शकतात अशी पूर्वसूचना एक्सचेंजने दिलेली होती, तरी काही ठिकाणच्या प्रणालीला उणे आकडा झेपलाच नाही. लोकांना भाव धड दिसेना, ऑर्डर टाकता येईना. एक करार १,००० बॅरलचा, म्हणजे एक डॉलर हलला की हजार डॉलर. म्हणून मी ब्रोकरला नेहमी विचारते, स्क्रीन बंद पडली तर फोनवर ऑर्डर घेणारा माणूस आहे का, आणि रात्रीही आहे का? फ्युचर्स जवळजवळ चोवीस तास चालतात. दिवसाच उचलला जाणारा फोन काय कामाचा?

हिशेबी
पैशाच्या सुरक्षिततेबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितोय. ३१ ऑक्टोबर २०११ ला एमएफ ग्लोबल ही ब्रोकर कंपनी बुडाली तेव्हा ग्राहकांच्या वेगळ्या ठेवलेल्या पैशातच सुमारे १.६ अब्ज डॉलरची तूट निघाली. पुढच्याच वर्षी जुलैत पेरेग्रिन फायनान्शियल ही दुसरी ब्रोकर कंपनी गेली. तिथे मालक वर्षानुवर्षं बँकेची खोटी कागदपत्रं दाखवत होता. शेअर खात्यांना अमेरिकेत जे एसआयपीसीचं (ब्रोकर बुडाल्यास ग्राहकांना भरपाई देणाऱ्या संस्थेचं) संरक्षण असतं ते फ्युचर्स खात्याला नाही. ब्रोकर अमेरिकी असेल तर एनएफए या तिथल्या फ्युचर्स व्यवसायावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या 'बेसिक' नोंदणीत नाव टाकून कारवायांचा इतिहास बघा, फुकट आहे. इतरत्र असेल तर तिथल्या नियामकाची यादी. आणि परदेशी एक्सचेंजवर मार्जिनने व्यवहार करायला तुमच्या देशाचे नियम परवानगी देतात का, हे पैसे भरण्याआधी बघा.

दलालीचा आकडा एका बाजूचा की घेणं-विकणं मिळून, तेही विचारा. त्यावर एक्सचेंज शुल्क, क्लिअरिंग, थेट भावांचं मासिक शुल्क हे सगळं येतं. स्वस्त ब्रोकर तिथे महाग पडतो. दिवसापुरतं कमी मार्जिन देणाऱ्यांपासून जास्त सांभाळा. ती सवलत ब्रोकरची असते, एक्सचेंजची नाही, आणि वेळ संपली की न विचारता पोझिशन कापतात.

निशिगंध
खूप आभार सगळ्यांचे. दोन्ही ब्रोकरांना तोच प्रश्न पाठवला. 'विजेच्या वेगाने' वाल्याकडून माहितीपत्रकच पुन्हा आलं. स्वस्तवाल्याने चार ओळींत उत्तर दिलं: साधा स्टॉप एक्सचेंजवर, ट्रेलिंग आणि जोड-ऑर्डर त्यांच्या सर्व्हरवर, माझ्या मशीनवर काहीच नाही. फोन डेस्क बाजार सुरू असेपर्यंत. रद्द होण्याच्या सोयीबद्दल मात्र काही लिहिलं नाही.

जुनाजाणता
मग तेवढं पुन्हा विचारा, सोडू नका. आणि खातं उघडलंत तर पहिल्या दिवशी एकच मायक्रो लॉट घ्या. ई-मिनीत एक पॉइंट ५० डॉलरचा, मायक्रोत ५ डॉलरचा. खाली लांबवर साधा स्टॉप टाका, नेटची वायर काढा आणि डेस्कला फोन करून विचारा, 'माझी स्टॉप ऑर्डर तुम्हाला एक्सचेंजवर दिसतेय का? तिचा क्रमांक सांगा.' क्रमांक लिहून घ्या. मग वायर लावून स्क्रीनवरच्या क्रमांकाशी ताडून बघा.

निशिगंध
हे नक्की करणार. सोमवारी खातं सुरू होतंय. क्रमांक जुळला की नाही ते इथेच लिहीन.