मदत हवी आहे: वडिलांना पार्किन्सन्स, एका चाचणीत २७ आणि दुसरीत २०. नक्की काय समजायचं?

मंडळी, पार गोंधळलेय. अण्णा ७१ वर्षांचे, पार्किन्सन्सला आठ वर्षं झाली. शिक्षण सातवी, एसटीत कंडक्टर होते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एमएमएसई ही आठवण-विचार तपासायची छोटी चाचणी घेतली: ३० पैकी २७. "काही नाही, वय झालंय," म्हणाले. गेल्या आठवड्यात न्यूरोकडे मोका ही तशीच दुसरी चाचणी झाली: ३० पैकी २०. खाली छापलंय, '२६ पेक्षा कमी: बाधित'. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात, तोवर जीव टांगणीला.

मोकामध्ये घड्याळ काढायला लावतात, त्या चित्राचा कागद माझ्याकडे आहे. वर्तुळ थरथरलेलं, आकडे सगळे आहेत पण उजवीकडे दाटीवाटीने. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. एक काटा ११ वर, दुसरा थेट १० वर. हात थरथरतो म्हणून मार्क कापले का हो? शिवाय नंबर लागला दुपारी दोनला आणि एकची सिंडोपा (पार्किन्सन्सची गोळी) रांगेत बसून राहूनच गेली.

घरी तारीख-वार बरोबर सांगतात, जुन्या रूटचे थांबे तर ओळीने. पण गोळ्यांचा डबा भरताना घोटाळा होतो आणि शंभराची नोट दिली की किती परत यायला हवेत ते सुचत नाही. चालत्या गाडीत तिकिटं फाडून पै-पैचा हिशेब लावणारा माणूस! चाचणी पुन्हा घ्यायला लावू का?

प्रतिसाद १
ताई, मी याच क्षेत्रात काम करते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. एमएमएसई १९७५ ची, तिचा भर तारीख-ठिकाण, आठवण, भाषा यांवर. पार्किन्सन्समध्ये बहुधा आधी ढळतं ते आखणी करणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, लक्ष टिकवणं. ते ती फारसं तपासतच नाही. मोका (२००५) तपासते.

घड्याळाचं म्हणाल, तर कंपाने रेघ वाकडी होते, काटा १० वर जात नाही. 'दहा' ऐकलं आणि हात १० कडे गेला, दहा मिनिटं म्हणजे २ वर हे वळण घेता आलं नाही. ही चूक आम्ही नेहमी बघतो. मी तिला गंभीरपणे घेईन.

पण २६ ची रेघ अण्णांना जशीच्या तशी लावू नका. न्यूझीलंडमधल्या २०१० च्या अभ्यासात पार्किन्सन्समधली सौम्य घट २६ च्या खाली धरली, तर खरोखर घट असलेले ९० टक्के सापडले, पण घट नसलेल्यांतले चौथा हिस्सा लोकही उगाच अडकले. बारा वर्षं किंवा कमी शिक्षणाला मोका एक गुण वाढवून देते. तो दिलाय का बघा. सातवीवाल्याला तो एक गुण पुरत नाही, हे माझं मत. गोळी चुकलेल्या वेळी घेतलेली चाचणीही मी मोजणार नाही. पुन्हा घ्यायची तर गोळी लागू झालेल्या वेळी आणि शक्यतो वेगळे प्रश्न असलेल्या पर्यायी संचावर, नाहीतर पाठ झालेलं मोजलं जातं.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे की नाही हे गुणांवर ठरत नाही, रोजची कामं अडतात का यावर ठरतं. पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियाच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर रुग्णाला स्वतःच्या गोळ्या आणि वेळा सांगायला लावतात. तेव्हा डब्याची गोष्ट डॉक्टरांना आकड्याच्या आधी सांगा.

प्रतिसाद २
कंपावरची पॅसिटेन गोळी चालू आहे का? आमच्या सासऱ्यांना होती, डॉक्टरांनी हळूहळू कमी केली तेव्हा डोकं बरंच मोकळं झालं. स्वतःहून एकदम बंद करू नका मात्र. बी-१२, थायरॉईड बघितलंय का? आणि मन उदास असलं तरी गुण घसरतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. पॅसिटेन आहे, सकाळ-रात्र. बी-१२ कधी केलंच नाही. आत्ता अण्णांना गोळ्या विचारल्या. रंग अचूक सांगितले, वेळा सांगताना सकाळ-दुपारची दोनदा अदलाबदल झाली. रिपोर्टवर शिक्षणाच्या रकान्यात काहीच भरलेलं नाही. उद्या फोन करून तारीख अलीकडची आणि सकाळची मिळते का बघते.