रोजच्या जेवणात भाज्या-फळं वाढवायची कशी? सॅलड सोडून सांगा

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, घरात मी, नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा लेक. ऑफिस ठाण्याला, ट्रान्स हार्बरने घरी येईपर्यंत आठ वाजतात, मग मेथी कोण निवडत बसणार, म्हणून भेंडी, बटाटा, फ्लॉवर, मूग हेच फिरत राहतं. लेकाला काही हिरवं दिसलं की ताटाच्या कडेला ढीग. सासूबाईंना शुगर आहे म्हणून त्या फळांना हातच लावत नाहीत आणि नवरा म्हणतो ज्यूसर घेऊया. नेमकं किती खायला हवं आणि रोजच्या स्वयंपाकात कसं बसवायचं?

चिंचगूळ:
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइन्समध्ये मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरलीयत. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून कमीत कमी ४०० म्हणते आणि त्यात बटाटा धरतच नाही. आपण चौघांना पाव किलो भेंडी करतो, म्हणजे माणशी साठ ग्रॅम, बघा आता!

मी जास्तीची भाजी करायच्या फंदात पडत नाही, जे होतंच त्यात ढकलते. आमटीत शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळ्याच्या फोडी, वरणात मूठभर पालक, पिठल्यात कांद्याची पात. थालीपीठ तर बेस्ट, वाटीभर भाजणीला वाटीभर किसलेला दुधी, फक्त आधी दुधीला मीठ लावून पाच मिनिटं ठेवायचा, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवायचं आणि मग लागलं तरच वरून पाणी. मेथी रविवारी टीव्हीसमोर निवडून, न धुता, पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा, दोन-तीन दिवस आरामात टिकते. धुऊन ठेवली की सडलीच.

जांभळीनाका:
थालीपीठ वगैरे ठीक, पण लेकापासून लपवून घालायला माझा विरोध आहे, त्याला कळलं की तो थालीपीठही सोडेल. त्यापेक्षा बाजारात न्या आणि एक भाजी त्याला निवडू द्या, आमच्याकडे कंटोळी अशीच घरात आली, काटेरी दिसतात म्हणून उचलली आणि मग कुरकुरीत परतलेली खाल्ली पण! पावसाळ्यात स्टेशनच्या बाहेर शहापूर-मुरबाडकडच्या बायका बसतात ना, त्यांच्याकडे टाकळा, कुर्डू, फोडशी वाट्यावर मिळते. करायची कशी ते त्यांनाच विचारा, मस्त सांगतात. शेवळं घेतलीत तर काकडंही (त्या भाजीत घालायची आंबट रानफळं) मागून घ्या, नाहीतर घसा असा खाजेल की पुन्हा रानभाजीचं नाव काढणार नाही कोणी.

कोपरखैरणे_वाला:
ताई, ज्यूसर नको. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा जातो कचऱ्यात आणि साखर तेवढी पोटात, एरवी कोण एका बैठकीत चार मोसंबी खातं? शुगर असली तरी अख्खं फळ बहुतेकांना चालतं, प्रमाण बघून. पेरू, पपई, संत्रं, सीझनला जांभूळ. जेवणावर लगेच नको, चार-पाच वाजता द्या, बिस्किटाच्या जागी. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि पालेभाजीवर लिंबू पिळत जा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला की उलटं होतं. आमच्या घरी तो चहा बंद करणं पालक खाऊ घालण्यापेक्षा अवघड गेलं, असो.

ऐरोलीकर:
ज्यूसर कॅन्सल, नवऱ्याला धागाच दाखवला. सासूबाई म्हणतायत पेरूच्या बिया दातात अडकतात, पपई चालेल. पण @चिंचगूळ, दुधीचं थालीपीठ काल केलं तर तव्यावर टाकतानाच फाटलं, अर्धं हातातच राहिलं.

चिंचगूळ:
हातावर थापलंत का? ओल्या फडक्यावर थापा, मधे भोकं पाडा आणि फडक्यासकट तव्यावर उलटं घाला, मग फडकं अलगद सोडवायचं. कडेने तेल, वर झाकण. खालची बाजू खरपूस होईपर्यंत उलथनं लावू नका.

ऐरोलीकर:
ओके, आज रात्री करते. लेकाला सांगणार आहे दुधी आहे म्हणून, बघू काय म्हणतो 😄