मदत हवी आहे: १४ एमईव्ही न्यूट्रॉन क्षेत्रात गॅमा डोस ऋण येतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात डी-टी (ड्युटेरियम-ट्रिटियम) न्यूट्रॉन जनरेटर आहे. वनस्पतिशास्त्रातली एक मैत्रीण त्यावर ज्वारीचं बियाणं किरणित करते. किती डोस न्यूट्रॉनचा आणि किती गॅमाचा, हे तिला वेगवेगळं हवंय. न्यूट्रॉनचा जैविक परिणाम जास्त असतो, त्यामुळे नुसत्या बेरजेचा तिला उपयोग नाही.

मी जोड-चेंबर पद्धत वापरतोय, म्हणजे किरणांमुळे वायूत होणारं आयनीकरण मोजणारी दोन वेगळी चेंबरं. एक चेंबर (टीई, म्हणजे ऊतीसमान) ए-१५० या ऊतीसारख्या प्लॅस्टिकचं, त्यात मिथेनवाला ऊतीसमान वायू. दुसरं मॅग्नेशियमचं, त्यात अर्गॉन. पहिल्याच्या भिंतीत भरपूर हायड्रोजन, म्हणून ते दोन्ही किरणं जवळपास सारखीच मोजतं. दुसऱ्यात हायड्रोजन नाही, म्हणून ते बहुतांशी गॅमाच बघतं. दोन वाचनं, दोन समीकरणं, दोन अज्ञातं. कागदावर फार सोपं!

दोन्हींचं कॅलिब्रेशन कोबाल्ट-६० वर झालंय. अल्फा काउंटरच्या (न्यूट्रॉनसोबत निघणारे अल्फा कण मोजून जनरेटरचं उत्पादन सांगणारा) ठराविक मोजणीला टीई चेंबरचं वाचन १०.० आणि मॅग्नेशियमचं २.१ आलं (कोबाल्टच्या एककात). टीईचा न्यूट्रॉन प्रतिसाद (कोबाल्टच्या गॅमाच्या तुलनेत) ०.९५ धरला. मॅग्नेशियमचा, म्हणजे के-यू, एका जुन्या तक्त्यातून ०.२२ घेतला. गॅमा डोस आला −०.२८. ऋण डोस कसा असेल? उलट खोलीच्या काँक्रीटमधला हायड्रोजन मंद न्यूट्रॉन पकडून २.२ एमईव्हीचा गॅमा देतोच, म्हणजे थोडा तरी गॅमा असायलाच हवा.

मग के-यू बदलून पाहिला. ०.२० ला गॅमा जवळजवळ शून्य, ०.१५ ला +०.६२. न्यूट्रॉन डोस मात्र १०.८ वरून ९.९ वर, म्हणजे आठ-नऊ टक्केच हलला. सगळी चूक गॅमावर येऊन पडते, आणि तोच आकडा मैत्रिणीला द्यायचाय.

तापमान-दाबाची दुरुस्ती केली आहे. आम्ही पुण्यात, दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, त्यामुळे ती मोठी येते. पण ती दोन्ही चेंबरना सारखीच लागते, तिने चिन्ह बदलणार नाही. चेंबरचा बायस (लावलेला व्होल्टेज) उलटा करून सरासरीही घेतली.

आता प्रश्न: के-यू स्वतःच्या जागेवर कसा ठरवायचा? की गडबड दुसरीकडेच आहे?

प्रतिसाद १
तक्त्यातला ०.२२ ज्या चेंबरवर मोजला होता, त्यावर टोपी (चेंबरवर चढवायचं जादा आवरण) कशाची होती ते आधी बघा. प्लॅस्टिकची टोपी असली आणि मॅग्नेशियमची भिंत पातळ असली, तर टोपीतले प्रोटॉन आत घुसतात आणि के-यू फुगतो. तुमची टोपी मॅग्नेशियमची असेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

दुसरं, अर्गॉनची नळी तपासा. हवा शिरली की वाचन पडतं, कारण अर्गॉन हवेपेक्षा जड आहे आणि त्यात एक आयनजोडी तयार व्हायला ऊर्जाही कमी लागते. कॅलिब्रेशनच्या दिवशी प्रवाह किती ठेवला होता, तेवढाच आज आहे का? सीझियमचा चेक सोर्स लावा, लगेच कळेल.

के-यूसाठी मी जीएम (गायगर-म्यूलर) काउंटर सुचवीन. ऊर्जाभरपाई केलेला, वर लिथियम-६ चं आवरण, म्हणजे मंद न्यूट्रॉन मोजले जात नाहीत. न्यूट्रॉनला त्याचा प्रतिसाद मॅग्नेशियम चेंबरहून बराच कमी असतो. त्याच जागी गॅमा मोजून मागे गणित करा, तुमचा के-यू मिळेल.

धागाकर्ता
मनापासून आभार! टोपी मॅग्नेशियमचीच आहे, आणि तक्त्यातल्या टोपीचा उल्लेखच नाही, म्हणून तो आकडा सोडून दिला. चेक सोर्सवर मॅग्नेशियम चेंबर ६ टक्के कमी दाखवत होतं. नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे आले. नळी बदलली, वाचन जागेवर आलं. तेवढी दुरुस्ती धरली तरी ०.२२ ने गॅमा −०.११ च येतो, म्हणजे के-यूही चुकलेलाच आहे. शेजारच्या विभागात जीएम आहे, लिथियमचं आवरण मात्र नाही. पुण्यात कोणाकडे महिनाभरासाठी मिळेल का? बियाण्याची पुढची खेप तोवर थांबवली आहे.