मदत हवी आहे: ३२ जीबी टॅब भरला, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडून जागा वाढेल का? (नाशिक)

बागेतला_टॅब

नमस्कार मंडळी,

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या शेतकरी गटांच्या बैठकांत द्राक्षाचे व्हिडिओ (खरड छाटणी, गोडी छाटणी, सबकेन, घड बुडवणी वगैरे) दाखवायला एक ८ इंची टॅब आहे. अँड्रॉइड ११, रॅम ३ जीबी, स्टोरेज ३२ जीबी, टाइप-सी पोर्ट. सिस्टीमने खाल्ल्यावर १९ जीबीच्या आसपास हाताशी राहते, तीही आता संपली. अडचणी अशा:

१. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ओटीजी अडॅप्टरने (टॅबला यूएसबी वस्तू जोडायचा) लावला की ‘यूएसबी ड्राइव्हमध्ये समस्या आहे’ असा संदेश येतो. लॅपटॉपवर तोच ड्राइव्ह व्यवस्थित चालतो. त्यावर एनटीएफएस (विंडोजचं फाइली मांडायचं फॉरमॅट) आहे.

२. १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क लावली तर दिवा लागतो, टिक-टिक आवाज येतो आणि परत बंद.

३. ड्राइव्ह चालला तर अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यावर हलवता येतील का?

गावात नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे यूट्यूबवरून दाखवा असं कृपया सांगू नका. बैठक तीन-चार तास चालते आणि चार्जिंगला प्लग मिळेलच असं नाही.

सातपूर_सर्किट

आधी एक चाचणी करा. त्याच अडॅप्टरला साधा यूएसबी माऊस लावा. पडद्यावर बाण दिसला तर टॅबचं ओटीजी आणि अडॅप्टर दोन्ही ठीक आहेत, म्हणजे भानगड ड्राइव्हच्या फॉरमॅटची किंवा विजेची. बाणच आला नाही तर अडॅप्टर बदलून बघा. बाजारात काही अडॅप्टर फक्त चार्जिंगपुरते असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. ओप्पो, रियलमी, वनप्लसच्या बऱ्याच मॉडेलांत सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ नावाचं बटण वेगळं चालू करावं लागतं आणि १० मिनिटं काही जोडलेलं नसेल तर ते आपोआप बंद होतं. तुमचा टॅब कुठला ते लिहिलं नाहीत, म्हणून सांगून ठेवतो.

पण ‘समस्या आहे’ असा संदेश येतोय म्हणजे टॅबला ड्राइव्ह दिसतोय, वाचता येत नाही एवढंच. तुमचं पहिलं दुखणं ९९ टक्के फॉरमॅटचं.

हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं, ते विजेचं आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळायला हवेत, आणि स्वस्त टॅब तेवढेही धड देत नाहीत. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ती १ अँपिअरच्या आसपास ओढते. व्होल्टेज कोसळतं, टॅब पोर्ट बंद करतो, डिस्क थांबते, पोर्ट पुन्हा चालू होतो, डिस्क पुन्हा प्रयत्न करते. तो टिक-टिक आवाज याचाच. असं वारंवार होऊ देऊ नका, डिस्कचं डोकं अर्ध्यात परत जाऊन जाऊन खराब होतं.

डिस्क वापरायचीच तर स्वतःचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावावा लागेल. बागेत प्लग नाही म्हणता, तर हा विषय इथंच सोडा. डिस्क घरी लॅपटॉपला लावून बॅकअपसाठी ठेवा. मोटारसायकलवर डिकीत ठेवून गावोगाव नेण्याची वस्तू ती नव्हेच.

फॉरमॅट_भाऊ

वरच्या पोस्टशी सहमत. आता फॉरमॅटचं बघू.

अँड्रॉइडमध्ये एनटीएफएस मुळात धरलेलं नाही. काही कंपन्या स्वतःहून ती सोय देतात, बहुतेक देत नाहीत. एफएटी३२ सगळीकडे चालतं. एक्सफॅट हे फॉरमॅट या दोघांच्या अधेमधे: नव्या टॅबमध्ये बहुधा चालतं, स्वस्तातल्या जुन्या टॅबमध्ये नाही. कारण मायक्रोसॉफ्टने त्याचं तपशीलपत्र २०१९ मध्ये खुलं केलं, तोवर कंपनीला परवाना घ्यावा लागायचा आणि स्वस्त टॅब बनवणारे तो खर्च टाळायचे.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा टॅबलाच विचारा. पेन ड्राइव्हमधलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग ड्राइव्ह टॅबला लावा, सेटिंग्ज → स्टोरेज → यूएसबी ड्राइव्ह → फॉरमॅट. टॅबला एक्सफॅट येत असेल तर ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला तो सहसा तेच देतो, नाहीतर एफएटी३२ देतो. म्हणजे जे वाचता येतं तेच लिहिलं जातं. नंतर लॅपटॉपवर प्रॉपर्टीज उघडून कोणतं फॉरमॅट झालं ते बघून घ्या.

तिथे ‘डिव्हाइस स्टोरेज’ की ‘पोर्टेबल स्टोरेज’ असं विचारलं तर पेन ड्राइव्हसाठी पोर्टेबलच निवडा. का, ते खाली कोणीतरी लिहीलच.

लॅपटॉपवरून एफएटी३२ करायचं झालं तर नेहमीच्या विंडोज खिडकीत ६४ जीबीला तो पर्याय दिसत नाही, तिथली मर्यादा ३२ जीबीची. रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. बूट सिलेक्शनमध्ये ‘नॉन बूटेबल’, पार्टिशन स्कीम ‘एमबीआर’, फाइल सिस्टीम ‘लार्ज एफएटी३२’. मिनिटाभरात होतं.

एफएटी३२ ची एक अडचण लक्षात ठेवा: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. ड्राइव्ह अख्खा रिकामा असला तरी कॉपी नाकारली जाते आणि ‘जागा अपुरी’ असा दिशाभूल करणारा संदेशही येऊ शकतो.

कॉलेजरोड_कट्टा

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा १२८ जीबीचा टॅब घ्या की.

सातपूर_सर्किट

गटाच्या पैशातून टॅब घ्यायचा तर ठराव लागतो, दादा. पेन ड्राइव्हला लागत नाही.

पंचवटी_बाइट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि कोणी हो म्हणालं तरी करू नका.

पोर्टेबल म्हणून जोडलेला पेन ड्राइव्ह ही फक्त फाइलींची जागा. अ‍ॅप त्यावर बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्वतःचे फोटो-व्हिडिओ आतल्या स्टोरेजमध्येच टाकतं, कॅमेराही यूएसबीवर थेट सेव्ह करत नाही. यूट्यूबचं ऑफलाइन किंवा क्लासच्या अ‍ॅपमधले डाउनलोड कुलूपबंद असतात, ती फाइल उचलून पेन ड्राइव्हवर ठेवली तरी चालत नाही.

अँड्रॉइड ६ पासून बाहेरचं स्टोरेज टॅबचाच भाग बनवण्याची सोय आहे, वर ‘डिव्हाइस स्टोरेज’ म्हटलंय ते हेच. काही जण यूएसबीसाठी ती कमांड देऊन जबरदस्तीने चालू करायला सांगतात. तसं केलं की ड्राइव्ह एनक्रिप्ट होतो, किल्ली त्याच टॅबमध्ये राहते. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तो वाचता येत नाही, आणि टॅब रिसेट केला की आतलं सगळं गेलं समजा. शिवाय खाटेवर टॅब ठेवताना पेन ड्राइव्हला धक्का लागला की चालू अ‍ॅप जागच्या जागी बंद पडतात, त्यांचा डेटा बिघडू शकतो. जी वस्तू सतत काढायची-घालायची तिला टॅबच्या पोटात धरू नये.

त्यापेक्षा मला सांगा, टॅबला मायक्रोएसडीचा कप्पा आहे का? सिमचा ट्रे बाहेर काढून नीट बघा, बऱ्याचदा तिथेच असतो.

दरम्यान आतली जागा मोकळी करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज → स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ अशी वेगळी वर्गवारी तिथे मिळते. शेतकरी गटांमध्ये तोच औषधाचा व्हिडिओ दहा ठिकाणांहून येतो, त्यामुळे इथेच बऱ्यापैकी जागा सुटेल. जे ठेवायचं ते गूगलच्या फाइल्स अ‍ॅपने पेन ड्राइव्हवर हलवा: अँड्रॉइड → मीडिया → व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर → मीडिया. हलवल्यावर चॅटमध्ये ती फाइल उघडणार नाही, हे गृहीत धरा. मग मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत हाच धागा वर येईल.

आत किमान ३ जीबी रिकामे राहू द्या. त्याखाली गेलं की अ‍ॅपचे अपडेट अडकतात आणि टॅब रखडायला लागतो.

बागेतला_टॅब

सगळ्यांचे आभार. माऊस चालला. टॅबमध्येच फॉरमॅट केलं, एफएटी३२ झालं, म्हणजे एक्सफॅट येत नाही. ट्रेमध्ये ‘सिम २ / कार्ड’ असा एकच कप्पा आहे, दुसरं सिम नाहीच, तर कार्ड बसेल.

आता दोन नव्या अडचणी. एक, मोबाइलवर घेतलेले ४० मिनिटांचे दोन व्हिडिओ कॉपी होत नाहीत (४ जीबीवालं प्रकरण, कळलं). दोन, काही लहान फाइलीसुद्धा कॉपी होत नाहीत, त्या जेमतेम १०० एमबीच्या आहेत. एकीचं नाव ‘खरड छाटणी: भाग १’ आहे. दुसऱ्या काही पेन ड्राइव्हवर जातात, पण तिथून टॅबच्या आत घेताना चूक दाखवतात, त्यांची नावं बरीच मोठी आहेत.

फॉरमॅट_भाऊ

नावांचं मराठीशी नातं आहे, म्हणून जरा सविस्तर.

एफएटी३२ आणि एक्सफॅटमध्ये विसर्गासारखं दिसणारं ते दोन टिंबांचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण आणि तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. मोबाइलच्या आत यांतली काही चिन्हं कधीकधी चालतात, म्हणून नाव देताना कळत नाही, कॉपी करताना अडतं. त्या जागी साधी आडवी रेघ टाका. देवनागरीला काहीच हरकत नाही.

लांब नावांचं असं: पेन ड्राइव्हवर नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत चालतं. टॅबच्या आतल्या स्टोरेजची मर्यादा मात्र २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. ‘द्राक्ष’ एवढा शब्दच सात चिन्हांचा आहे: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. युनिव्हर्सिटीच्या व्याख्यानासारखी शीर्षकं फाइलीला देऊ नका, ‘०१-खरड-सबकेन’ एवढं पुरे. पुढे दोन आकडी क्रमांक दिला की यादीही क्रमाने लागते.

आता मोठे व्हिडिओ. मोबाइलचा १०८०पी कॅमेरा सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितो. त्या हिशेबाने ३३ मिनिटांत ४ जीबी भरतात, ४० मिनिटांचे ५ जीबी. तुमच्या ८ इंची पडद्याचं रिझोल्यूशन बहुधा १२८० बाय ८०० असेल, त्याच्यावर १०८०पी दाखवून काही मिळत नाही. लॅपटॉपवर हँडब्रेक (व्हिडिओ लहान करायचं सॉफ्टवेअर) टाका, ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार प्रीसेट निवडा, त्याच सॉफ्टवेअरच्या ‘व्हिडिओ’ पानावर सरासरी बिटरेट (सेकंदाला किती डेटा) २००० ठेवा. आवाज धरून मिनिटाला १६ एमबीच्या आसपास पडेल, ४० मिनिटांचे ६४० एमबी. कोडेक (व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत) एच.२६४ च ठेवा. एच.२६५ ने फाइल आणखी लहान होते, पण स्वस्त टॅबच्या चिपला ते जड गेलं तर चित्र अडखळतं आणि बॅटरी जाते.

या आकाराने ६४ जीबीत साठ तासांच्या आसपास व्हिडिओ बसतात. जागेचा प्रश्न ड्राइव्हपेक्षा इथेच जास्त सुटतो.

पंचवटी_बाइट

कार्ड बसतंय तर बेत असा करा: ६४ जीबी मायक्रोएसडी कायम आत, त्यावर कॅमेऱ्याचे बागेतले फोटो. कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज लोकेशन’ बघा. व्हिडिओंचा साठा पेन ड्राइव्हवर. ते टॅबमध्ये कॉपी न करता व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने थेट ड्राइव्हवरून चालवा. पहिल्यांदा ड्राइव्ह लावल्यावर परवानगी मागेल ती द्या.

खरेदीबद्दल एक इशारा. एमजी रोडला किंवा ऑनलाइन कुठेही ३००-४०० रुपयांत १ टीबी, २ टीबीचा पेन ड्राइव्ह दिसला तर हात लावू नका. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते, आकडा खोटा दाखवलेला असतो. कॉपी होते, नावं दिसतात, फाइल मात्र उघडत नाही. नवीन ड्राइव्ह किंवा कार्ड आणलं की लॅपटॉपवर एच२टेस्टडब्ल्यू चालवा. ते सगळी जागा भरून परत वाचून बघतं. सेकंदाला १० एमबी लिहिणारा ६४ जीबी ड्राइव्ह असेल तर नुसतं लिहायलाच पावणेदोन तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. बिल घ्या, नापास झाला तर परत करता येतो.

बागेतला_टॅब

बैठक लांबली तर पॉवर बँकेने टॅब चार्ज करत करत पेन ड्राइव्ह चालेल का? पोर्ट एकच आहे.

सातपूर_सर्किट

टॅबवर अवलंबून. त्यासाठी ‘पीडी पास-थ्रू’ (म्हणजे चार्जिंगची वीज आरपार टॅबपर्यंत पोचवणारा) लिहिलेला टाइप-सी हब लागतो, आणि टॅबलाही एकाच वेळी वीज घेणं आणि ड्राइव्ह चालवणं जमायला हवं. दुकानातच करून बघा: हब, त्याला पेन ड्राइव्ह, मग पॉवर बँक. चार्जिंग सुरू झालं आणि ड्राइव्ह गायब झाला तर तुमच्या टॅबला ते येत नाही, दुसरा हब घेऊनही फरक पडणार नाही. क्षणभर जाऊन परत आला तर चालतंय, फक्त बँक व्हिडिओ सुरू करण्याआधी जोडा, कॉपी चालू असताना तर मुळीच नको.

तसा पेन ड्राइव्ह १०० ते २०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे फार तर १ वॉट. टॅबची बॅटरी ५००० एमएएचची असेल तर ती १९ वॉट-तासांच्या आसपास. चार तासांत ड्राइव्ह आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवण्यात जाणारी वीज मिळून तिचा पाव हिस्सा खाईल. पडद्याचा उजेड थोडा कमी केलात तर तेवढी भरपाई होते.

ड्राइव्ह थेट पोर्टला खोचू नका, १०-१५ सेंटीमीटरची मऊ ओटीजी केबल घ्या. ताठ अडॅप्टरवर धक्का बसला की टॅबचाच पोर्ट हलतो, आणि तो बदलण्याचा खर्च पेन ड्राइव्हच्या वर जातो. काढताना आधी व्हीएलसी बंद, मग वरची सूचना खाली ओढून ‘इजेक्ट’. बैठक संपताना घाईत उपसलात तर पुढच्या वेळी ड्राइव्ह खराब आहे म्हणून दाखवेल. तेव्हा टॅब ‘फॉरमॅट करा’ म्हणेल, ते दाबू नका. लॅपटॉपला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → टूल्स → चेक. बहुतेक वेळा फाइली जशाच्या तशा परत मिळतात.