अल्पाइनमध्ये कळा बदलता येतात का?

अल्पाइन आणि मट हे टर्मिनलमध्ये चालणारे ईमेलचे कार्यक्रम. प्रश्न असा, की मटसारख्या कळा अल्पाइनमध्ये हव्या तशा नेमता येतात का. तशा येत नाहीत. मटमध्ये सेटिंगच्या फाइलीत 'बाइंड' आणि 'मॅक्रो' या आज्ञा लिहून जवळजवळ प्रत्येक कळ बदलता येते. अल्पाइन वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या जुन्या ईमेल कार्यक्रमातून आलं. नवख्या माणसाला पडद्याच्या तळाशी आज्ञा दिसाव्यात, हा पाइनचा हेतू होता, आणि तो मला आजही मोलाचा वाटतो.

पण म्हणून अल्पाइन सोडून देऊ नका. मुख्य मेनूत 'एस' आणि मग 'सी' दाबलं की पर्यायांची लांबलचक यादी उघडते. तिच्यात 'इनिशियल कीस्ट्रोक लिस्ट' शोधा. तिथे स्वल्पविराम देऊन कळा लिहिल्या की कार्यक्रम सुरू होताच त्या आपोआप दाबल्या जातात, म्हणजे थेट हव्या त्या फोल्डरमध्ये पोचता येतं.

खरी ताकद मात्र एकगठ्ठा कामाच्या आज्ञांत आहे. टपालांच्या यादीत अर्धविरामाची कळ दाबा, 'टी' घेऊन पाठवणाऱ्याच्या नावाने किंवा विषयाने टपालं निवडा. निवड झाली की फक्त निवडलेलीच दिसतात; तशी दिसली नाहीत तर 'झेड' दाबा. ती एकदा नजरेखालून घाला, मग 'ए' आणि 'एस' दाबून सगळी एका दमात दुसऱ्या फोल्डरात टाका. टपालयाद्यांवरून (मेलिंग लिस्टवरून) आलेल्या टपालांचा ढीग उपसायला याहून सुटसुटीत काही मी वापरलेलं नाही. न्यूजग्रुपच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सार्वजनिक चर्चागटांच्या, लेखांच्या यादीतही निवड अशीच चालते. तिथे 'डी'ने खूण करून 'एक्स' दाबलं की ते लेख तुमच्या यादीतून जातात, सर्व्हरवर राहतात.

एडिटर आवडत नसेल तर तोही बदलता येतो. पर्यायांच्या त्या लांबलचक यादीत 'एडिटर'समोर विम या टेक्स्ट एडिटरचं नाव लिहा.