मदत हवी आहे : आमवाताच्या औषधांवर असताना मानेत आलेली गाठ

माझ्या आईला (वय ५८) ११ वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे. आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट (आमच्या घरची 'रविवारची गोळी') आणि इतर दिवशी फॉलिक ॲसिड चालू होते. एवढ्याने सांधे शांत होईनात, म्हणून गेल्या वर्षी टोफासिटिनिबची (मेथोट्रेक्सेटप्रमाणेच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) भर पडली. तिला रक्तदाबही आहे.

दोन महिन्यांपूर्वी मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी, न दुखणारी गाठ हाताला लागली. ताप नाही, पण वजन तीन किलो उतरले आहे. सुईने घेतलेल्या नमुन्यावरून क्षयरोग की लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) याचा उलगडा झाला नाही, तरीही एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे लगेच सुरू करण्याचे सुचवले, जे मला घाईचे वाटले. संधिवाततज्ज्ञांनी मात्र तीन आठवड्यांपूर्वी आमवाताची दोन्ही औषधे थांबवली आणि पूर्ण गाठ काढून तपासण्यास सांगितले.

आता पेच असा की गाठ थोडी लहान झाल्यासारखी वाटते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काही रुग्णांत होणारा लिम्फोमा, विशेषतः एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित असलेला, औषध बंद करताच मावळू शकतो, हे मी वाचले आहे. त्यामुळे आईला शस्त्रक्रिया नको आहे. दुसरीकडे औषधे थांबल्याने तिची मनगटे इतकी सुजली आहेत की तिला पोळी लाटता येत नाही, आणि फॅमिली डॉक्टर स्टिरॉइड देऊ पाहतात. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठही आकसते व बायोप्सीतून (गाठीचा नमुना तपासून) निदान करणे अवघड होते, म्हणून मी तूर्त ते थांबवले आहे.

आई सगळा दोष गोळ्यांना देते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने टोफासिटिनिबवरील इशारा अधिक कडक केला, हे खरे; पण आमवातातच लिम्फोमाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो आणि २००६च्या स्वीडिश अभ्यासात तो दीर्घकाळ धुमसणाऱ्या तीव्र आजारात सर्वाधिक दिसला होता. हे तिला कसे समजवावे, तेच कळत नाही.

गाठ आपोआप लहान होत असतानाही कुणी ती काढून तपासली आहे का? नमुन्यावर त्या विषाणूची आणि क्षयाची तपासणी आधीच सांगून ठेवावी लागते का? बायोप्सी होईपर्यंत स्टिरॉइडशिवाय सांध्यांचे दुखणे कसे निभावले? गुरुवारी सर्जनकडे जायचे आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.